मारिओच्या घरालाही सोडत लागते

कळंबोलीत, रोडपालीच्या तलावाकडे संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूत सध्या एकच विषय आहे, जपान. याआधी दुबई झाली, बाली झाली, चारधाम तर झालीच झाली. फरक एवढाच, की या वेळी हट्ट धरणारी मंडळी बारावी आणि इंजिनिअरिंगची आहेत. त्यांना फुजी पर्वत नको, साकुराची फुले नकोत. त्यांना अकिहाबारा हवे, घिबली हवे, निन्टेंडो हवे. ‘गेमिंग आणि पॉप कल्चर टूर’ असे त्याचे नाव. मी लेकीबरोबर हा उद्योग एकदा करून आलो आहे, त्यामुळे सल्ला विचारायला सगळे माझ्याकडे येतात. येतात म्हणजे काय, आपापली ठाम मते घेऊनच येतात. त्यातली काही मते इथे मांडतो. पैसे घालवणारी जास्त आहेत, करमणूक करणारी कमी.

गैरसमज : हे आत्ताच्या पोरांचे खूळ. आपल्या पिढीचा त्याच्याशी काय संबंध?

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी मोगली यायचा आणि रस्ते ओस पडायचे. ती ‘जंगल बुक’ मालिका जपानी होती, निप्पॉन ॲनिमेशन या स्टुडिओने १९८९ मध्ये काढलेली. हिंदीत शेरखानला आवाज दिला होता नाना पाटेकरांनी. म्हणजे आपण सगळे पोळीचा तुकडा हातात धरून ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनच, बघत होतो, फक्त तो शब्द माहीत नव्हता. रामायणावरचा ॲनिमेही जपानच्या युगो साको आणि आपल्या राम मोहन यांच्या हातून घडला. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा नातवंडांना घेऊन गेलेले आजोबा आमच्याच सोसायटीत आहेत.

आणि तो टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम? पिवळ्या कॅसेटवाला, दिवाळीच्या सुट्टीत भाड्याने आणायचो तो? लॅमिंग्टन रोडला आणि मनीष मार्केटला मिळणारी ती यंत्रे म्हणजे निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल. अस्सल फॅमिकॉम जुलै १९८३ मध्ये जपानात आला. आपल्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ लिहिलेले असे आणि आत खेळ वीसच निघत, ते सोडा. पण मारिओ क्योतोच्या निन्टेंडोचा होता आणि ‘काँट्रा’ कोनामीचा. वर-वर-खाली-खाली करून तीस जीव मिळवायची ती युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरची. ‘ग्रॅडियस’ची घरगुती आवृत्ती करताना तो खेळ त्यांना स्वतःलाच तपासायला अवघड जात होता, म्हणून त्यांनी चोरदरवाजा ठेवला आणि तो काढायचा राहून गेला. त्यामुळे या सहलीत खरा भावुक कोण होतो, तर बाप. मी झालो. लेक शेजारी उभी राहून घड्याळ बघत होती.

गैरसमज : तिकिटांचे काय, टूरवाले काढून देतील. नाहीतर तिथे गेल्यावर रांगेत उभे राहू.

सगळ्यात महागात पडणारी समजूत ही. आपल्याला वाटते पैसे टाकले की दार उघडते. त्या देशात या जागांची दारे पैशाने कमी आणि तारखेने जास्त उघडतात.

मिताका इथल्या, ‘घिबली’ या ॲनिमे स्टुडिओच्या संग्रहालयाचे तिकीट मोठ्यांना अवघे १००० येन. पण दारावर तिकीट खिडकीच नाही. पुढच्या महिन्याची सगळी तिकिटे आदल्या महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता खुली होतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. म्हणजे रोडपालीत सकाळचे साडेसहा. मला तो दिवस नीट आठवतो. स्टील मार्केटकडे निघालेल्या ट्रेलरचा खडखडाट सुरू झाला होता, दूधवाला पिशवी कडीला अडकवून गेला होता, आणि आम्ही दोघे लॅपटॉपसमोर. ‘आपल्यापुढे इतके लोक आहेत’ सांगणारी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. लेक म्हणाली, “बाबा, पान रिफ्रेश करू नका हं, नंबर जातो.” मी हात मांडीखाली दाबून बसलो. पाऊण तासाने नंबर लागला तेव्हा शनिवार-रविवार संपलेले होते. बुधवार, दुपारचे दोन, एवढे हाती आले. आमची पुढची सगळी सहल त्या बुधवारभोवती बांधली गेली.

तिकिटावर नाव येते, दारात ओळखपत्र बघू शकतात, आणि जादा भावाने विकलेले तिकीट चालत नाही. त्यामुळे ‘कुठल्याही तारखेला घिबली नक्की’ असे कोणी छातीठोक सांगत असेल, तर आधी लेखी मागा. मला आलेल्या एका माहितीपत्रकात सहाव्या दिवसापुढे ‘घिबली म्युझियम’ असे ठळक छापले होते आणि खाली बारीक अक्षरात, कंसात, ‘बाहेरून’. पंढरपूरला जाऊन कळसाला हात जोडून परतण्यातही पुण्य असते म्हणा. पण त्याचे पैसे कळसाचेच घ्यावेत.

निन्टेंडो संग्रहालयाची गोष्ट आपल्याला चटकन कळेल, कारण आपण सिडकोच्या गावात राहतो. तिथे चक्क सोडत असते. साधारण तीन महिने आधी अर्ज करायचा, पसंतीच्या तारखा-वेळा द्यायच्या, निकालाची वाट बघायची, नंबर लागला तर ठरल्या मुदतीत पैसे भरायचे. मोठ्यांचे तिकीट ३३०० येन. उरलेली तिकिटे नंतर आधी येईल त्याला मिळतात, पण ती उरतातच असे नाही. हे संग्रहालय २ ऑक्टोबर २०२४ ला उघडले, क्योतोजवळच्या उजी गावात, कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या जागेत. या कारखान्यात एकेकाळी पत्ते बनत. हो, खेळायचे पत्ते. निन्टेंडो १८८९ साली सुरू झाली ती ‘हानाफुदा’ हे फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठी. बारा महिन्यांची बारा फुले, प्रत्येकी चार पाने, मिळून ४८. हे पत्ते हाताने बनवून बघण्याची सोय तिथे आहे. आत शिरताना प्रत्येकाला दहा डिजिटल नाणी मिळतात आणि ती खर्चून खेळ खेळायचे. दहांत सगळे खेळ होत नाहीत, नवी नाणी विकत मिळत नाहीत. दोघांनी मिळून धरायचा खाटेएवढा कंट्रोलर आहे. एकाने चालायचे, दुसऱ्याने उडी मारायची. आम्ही बापलेक पहिल्याच खड्ड्यात पडलो आणि चूक कोणाची यावर ओगुरा स्टेशनपर्यंत भांडलो.

ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओतले ‘सुपर निन्टेंडो वर्ल्ड’ हे प्रकरण वेगळे, आणि त्यात आणखी एक फसगत. २०२१ मध्ये उघडलेला हा भाग पार्कच्या आत आहे. पार्कचे तिकीट काढले म्हणजे तिथे प्रवेश मिळालाच असे नाही. गर्दीच्या दिवशी त्या भागासाठी वेगळी, वेळ नेमून दिलेली चिठ्ठी लागते. ती पार्कात शिरल्याबरोबर मोबाइलवरून मिळवायची, नाहीतर आधीच महागडा एक्स्प्रेस पास घ्यायचा. मनगटावर बांधायचा पट्टाही वेगळ्या पैशांचा, आणि तो नसेल तर तिथल्या अर्ध्या गमती बघत उभे राहायचे.

गैरसमज : घिबली म्हणजे जपानचे डिस्नेलँड.

पाळणे नाहीत, मिरवणूक नाही, आणि इमारतीत फोटो काढायला बंदी. मुलांच्या रीलचा प्रश्न तिथेच मिटतो. गच्चीवरच्या रोबोटचा फोटो तेवढा काढता येतो. मांजराच्या आकाराची गुबगुबीत बस फक्त लहान मुलांना चढायला मिळते. तळघरातल्या छोट्या थिएटरात जे लघुपट दाखवतात ते एरवी सहजी बघायला मिळत नाहीत. आत कुठे काय आहे याचा क्रम लावून दिलेला नाही, भटकायचे. मला ते एखाद्या जुन्या चित्रकाराच्या वाड्यात शिरल्यासारखे वाटले. टेबलावर अर्धी रेखाटने, खिडकीच्या काचेत रंगीत चित्रे. ज्यांना धमाल हवी त्यांनी इथे बुधवार वाया घालवू नये.

डोरेमॉनच्या चाहत्यांनी कावासाकीला जावे. त्याचे जनक फुजिको एफ. फुजिओ यांचे संग्रहालय तिथे २०११ पासून आहे, आणि नोबोरितो स्टेशनपासून डोरेमॉन रंगवलेली बस सुटते. गच्चीवर नोबिता आणि मंडळी बसतात ते सिमेंटचे पाइप आहेत. आमच्याकडे कळंबोलीत असे पाइप रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षे पडलेले असतात. त्यांच्याशेजारी कोणी फोटो काढत नाही, हा दैवाचा खेळ. शिनचॅनचे कासुकाबे मात्र खरेखुरे गाव आहे. आपल्याकडे त्या पोरावर २००८ मध्ये काही काळ बंदी आली होती, कासुकाबेने त्याला गावाच्या प्रसारासाठी वापरले.

गैरसमज : गाईड म्हणजे जागा दाखवणारा माणूस. तो सरकारमान्य असलाच पाहिजे.

जपानात परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन फिरवायला १९४९ च्या कायद्याने परवाना लागत असे. जानेवारी २०१८ पासून ती सक्ती गेली. परवानाधारक गाईड आजही आहेत, त्यांची परीक्षा अवघड असते, पण बिनपरवान्याचा गाईड बेकायदा नाही. तेव्हा कार्ड बघण्यापेक्षा त्याला काय ठाऊक आहे ते बघा.

टोकियोच्या अकिहाबारा बाजारात गाईडचा उपयोग कशासाठी, तर वर बघायला शिकण्यासाठी. आपल्याला बाजार आडवा बघायची सवय. दुकान रस्त्याला लागून असते, वर फार तर वकिलाचे ऑफिस. तिथे बाजार उभा आहे. अरुंद इमारत, दोन माणसांची लिफ्ट, पाचव्या मजल्यावर जुन्या कॅसेटी, सहाव्यावर फक्त बाहुल्यांचे डोळे विकणारा. रस्त्यावरून फिरणारा माणूस पाट्यांतच अडकतो आणि ‘काही विशेष नाही’ म्हणून परततो. चांगला गाईड आधी तुम्हाला रेल्वेच्या पुलाखाली नेतो. तिथे हातभर रुंदीच्या टपऱ्यांतून आजही तारा, स्विच, दिवे सुटे मिळतात. महायुद्धानंतर रेडिओचे सुटे भाग विकणारे फेरीवाले या भागात बसत. रस्त्यावर बसायला बंदी आली तेव्हा ते पुलाखाली गेले. रेडिओतून टीव्ही, टीव्हीतून संगणक, संगणकातून गेम, गेममधून ॲनिमे, अशी ती वाढ झाली. लॅमिंग्टन रोडला सोल्डरिंगच्या वासात उभा राहिलेला कोणीही माणूस तिथे पाच मिनिटांत घरचा होतो.

गाईडच्या तोंडची एक दंतकथा मात्र सोडून द्या. १९७८ साली ताइतो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि लोकांनी त्यात इतकी नाणी घातली, की देशात शंभर येनच्या नाण्यांची टंचाई झाली, असे हमखास सांगतात. १९७८ आणि १९७९ या दोन्ही वर्षी ही नाणी १९७७ पेक्षा कमीच पाडली गेली होती. सरकारला टंचाई भासली असती तर उलट झाले असते. खेळाचे वेड खरे, टंचाई कपोलकल्पित. आणखी एक : रीलमध्ये दिसणाऱ्या त्या लाल ‘सेगा’ पाटीच्या इमारती शोधत फिरू नका. सेगाने आर्केडचा धंदा जानेवारी २०२२ मध्ये पुरता सोडला, आता तिथे ‘गिगो’ अशी पाटी आहे. यंत्रे त्यांच्या जागी, शंभराची नाणीही अजून लागतात.

गैरसमज : तिथे सगळे स्वस्त, येताना गेम घेऊन येऊ.

माझ्या शेजारच्या वहिनींनी मला यादीच दिली होती. पहिलाच आकडा ‘स्विच २’. जून २०२५ मध्ये हे यंत्र बाजारात आले तेव्हा जपानी दुकानातली किंमत ४९,९८० येन, इतर देशांपेक्षा बरीच कमी. पण ती आवृत्ती खास जपान्यांसाठी आहे. तिच्यात भाषा फक्त जपानी, आणि जपानात नोंदवलेले निन्टेंडो खातेच तिला जोडता येते. सर्व भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला, तीही कंपनीच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातून. खोका दोन्हींचा जवळपास सारखाच. वहिनींच्या मुलाला मी फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

जुने फॅमिकॉम घेणाऱ्यांसाठी आणखी एक. जपानात वीज १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो, १९८३ चा अडॅप्टर चालत नाही. नुसती पिन बदलून प्लगमध्ये घातला तर धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आधी घ्या.

अकिहाबारातली जुन्या गेमची नावाजलेली दुकाने आता पर्यटकांच्या भावात आहेत. खरी शोधाशोध करायची तर नाकानो ब्रॉडवे, ओसाकाचे देन-देन टाउन, नाहीतर उपनगरातले ‘हार्ड ऑफ’. या शेवटच्या दुकानात ‘जंक’ लिहिलेले निळे क्रेट असतात, त्यात बिघडलेले, न तपासलेले, बेवारस कंट्रोलर. परत घेणार नाही, गॅरंटी नाही. भंगाराच्या ढिगात हात घालायची सवय असलेल्या कळंबोलीकराला हे वेगळे शिकवावे लागत नाही. दोन तास मी त्यातून उठलो नाही.

आता काही झटपट. मारिओची टोपी घालून रस्त्यावर कार्ट चालवायची ती सहल निन्टेंडोची नाही. निन्टेंडोने तो धंदा करणाऱ्या कंपनीला कोर्टात खेचले, आणि २०२० च्या जानेवारीत वरच्या न्यायालयाने पाच कोटी येनची भरपाई ठरवली. कार्ट आजही धावतात, मारिओचा पोशाख तेवढा गेला. ती चालवायला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. पनवेलच्या आरटीओतून निघण्याआधी काढला तर ठीक, तिथे पोचल्यावर आठवून उपयोग नाही.

पाचिंको म्हणजे गेम पार्लर नव्हे. बाहेरून दिवे, गोंगाट, ॲनिमेची चित्रे सगळे तसेच दिसते, पण तो जुगार आहे. बक्षीस शेजारच्या वेगळ्या खिडकीत देऊन रोख मिळते, म्हणून कायद्याच्या कडेकडेने चालतो. अठरा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. मुलांना घेऊन शिरलात तर दारातूनच नम्रपणे परत पाठवतील.

मेड कॅफेबद्दल विचारताना पुरुष मंडळी आवाज खाली आणतात. गरज नाही. बसायचे वेगळे पैसे, ऑम्लेटवर सॉसने काढलेले मांजर, आणि त्या मुलींना हात लावायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, असे नियम टेबलावरच लिहिलेले. कायमचे असे पहिले कॅफे अकिहाबारात २००१ साली निघाले. मला एका ऑम्लेटसाठी ते फार महाग वाटले, बाकी तक्रार नाही.

जेवणाचे हाल होतात हे मात्र अर्धे खरे. भाजीच्या सूपातही माशाचा अर्क असतो, त्यामुळे ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. पण टोकियोच्या निशी-कासाईत आपल्या लोकांची वस्ती आहे, डाळ-तांदूळ मिळतो. त्याच एडोगावा वॉर्डाच्या सभागृहात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला होता.

आणि विमानतळ आपल्या दारात आला म्हणून टोकियो जवळ आले, हेही डोक्यातून काढा. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली ती देशातल्या शहरांसाठी.

गैरसमज : पोरगी इतके ॲनिमे बघते, भाषा तीच सांभाळेल.

सांभाळेल, आणि मार खाऊन येईल. ॲनिमेतली पात्रे एकमेकांना ‘ओमाए’ म्हणतात, स्वतःला ‘ओरे’. अनोळखी दुकानदाराला ओमाए म्हणणे म्हणजे आपल्याकडे सराफाच्या पेढीवर जाऊन “ए, दाखव रे” म्हणण्यासारखे. माझ्या लेकीने पहिल्या दिवशी हे केले नाही, कारण तिने आधी पुण्याच्या एका शिक्षिकेकडे ऑनलाइन धडे घेतले होते. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ती भाषा शिकवतात. आणि मराठी माणसाला वाक्यरचना जड जात नाही. ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’ म्हणजे ‘मी भात खातो’. कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद, जसेच्या तसे. लिपीचे मात्र हाल आहेत, ते आहेतच.

गैरसमज : कार्टूनमधली जागा बघायला सातासमुद्रापार जाणे म्हणजे वेडेपणा.

जपानी लोकांनी त्याला सरळ यात्रा म्हटले आहे. ॲनिमेत दिसलेला जिना, रेल्वेचे फाटक, देवळाची पायरी शोधत जायचे, याला तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थच तीर्थाटन. शिकोकू बेटावर ८८ देवळांची जुनी यात्रा आहे. तिच्यावरून जपानच्या ॲनिमे पर्यटन संघटनेने २०१६ पासून ॲनिमेची ८८ ठिकाणे ठरवायला घेतली. अष्टविनायक करणाऱ्यांनी यावर हसू नये. कामाकुराजवळ ‘स्लॅम डंक’मधले फाटक आहे, मागे समुद्र, मध्ये हिरवी छोटी गाडी. तिथे उभे राहणाऱ्यांची इतकी झुंबड उडते, की रहिवाशांना घराबाहेर पडणे अवघड होते. आपल्या गटातला एखादा रुळाजवळ गेला तर त्याला मागे ओढा. दोन गाड्या सोडल्या तर फोटो चांगला येतो.

परवा तलावाच्या कट्ट्यावर एका काकांनी विचारले, “अहो, मग टूरवाल्याला नेमके विचारायचे काय?” दोनच गोष्टी विचारा. तिकिटे कोणाच्या नावावर आणि कोणत्या तारखेची आहेत. आणि कार्यक्रमपत्रिकेत कुठे ‘बाहेरून’ हा शब्द आहे का. घिबलीचे तिकीट स्वतः काढणार असाल तर १० तारखेला सव्वासहाला लॅपटॉपसमोर बसा, आणि चहा नंतर घ्या.